गाडीच्या पॉलिशसाठी कोणतं मशीन घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा आठ-दहा दिवसांवर आला की माझा फोन वाजायला लागतो. "पॉलिशचं मशीन घ्यायचंय, कुठलं घेऊ?" प्रत्येकाला अर्धा अर्धा तास समजावणं होत नाही, म्हणून नेहमीचे प्रश्न आणि माझी उत्तरं एकदाची लिहून टाकली आहेत. नाशिकला घराखालच्या शेडमध्ये मी स्वतःच्या, पाहुण्यारावळ्यांच्या आणि थोड्याफार गिऱ्हाइकांच्या गाड्या घासतो. मशीन विकत मात्र नाही, त्यामुळे तुम्ही काय घेता याने माझ्या खिशाला फरक पडत नाही.

हाताने होत नाही का? मशीन लागतंच का?

वॅक्स लावायला हात पुरतो, किंबहुना हातच बरा. दाराच्या मुठीमागच्या वाटीत नखांनी पडलेले बारीक चरे, एखादा सुटा ओरखडा, हेही हाताने निघतं. पण बॉनेटवर ऊन पडलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसतात ना, ते अख्ख्या गाडीवरून हाताने काढायचे म्हणाल तर विसरा. दुपारभर घासून खांदा भरून येतो आणि उन्हात पाहावं तर जाळं आहे तिथेच, फक्त जरा तेलकट झालेलं.

जाता जाता सांगतो, ते चरे खरं तर गोल नसतातच. आडवेतिडवे, सगळ्या दिशांना पडलेले असतात. त्यातले जे दिव्याच्या किंवा सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून गोल जाळं भासतं. तुम्ही बाजूला सरकलात की जाळंही तुमच्याबरोबर सरकतं.

मशीन ओरखडा भरतं की काढतं?

काढतं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

आजच्या गाडीवर पत्र्यापासून वर मोजत आलं तर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर असतं. सगळं मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन, आणि त्यात लॅकरचा वाटा 35 ते 50 मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे काय हे आपल्याकडे प्लास्टिकच्या पिशव्यांनी सगळ्यांना शिकवलंय. ज्या 50 मायक्रॉनखालच्या पिशव्यांवर बंदी आली, त्या पिशवीएवढं लॅकर तुमच्या दहा-पंधरा लाखांच्या गाडीवर असतं.

चरा म्हणजे त्या लॅकरमध्ये पडलेली नाली. ती बुजवता येत नाही. तिच्या आजूबाजूचं लॅकर घासून तिच्या तळापर्यंत उतरवायचं, म्हणजे नाली उरतच नाही. एकदा नीट घासलं की दोन-चार मायक्रॉन जातात, जोरकस कापलं तर जास्त. गेलेलं लॅकर परत येत नाही. दर वर्षी गाडी 'रबिंगला' टाकणारी मंडळी मी पाहिली आहेत. काही वर्षांनी त्यांच्या गाडीच्या कडांवरचं लॅकर संपून तिथे रंगाचा कोरडा, निस्तेज पट्टा दिसायला लागतो.

म्हणून मशीन किती जोरात कापतं हे नंतर बघा. आपली चूक ते किती पोटात घालतं, हे आधी बघा.

रोटरी आणि डीए यांत फरक काय?

रोटरीचं पॅड, म्हणजे रंगावर घासणारी गोल गादी, एकाच जागी गरगर फिरतं, जात्यासारखं. मोटरची सगळी ताकद गिअरमधून थेट पॅडला. मिनिटाला 600 ते 3000 फेरे. डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये जे असतं ते हेच. कापतं झपाट्याने, पण तापतंही झपाट्याने. एका जागी क्षणभर जास्त रेंगाळलं की लॅकर मऊ पडून करपतं. आणि हात सफाईदार नसेल तर चरे जाऊन त्यांच्या जागी लाटांसारखे पट्टे येतात, त्यांना होलोग्राम म्हणतात. गॅरेजमध्ये ट्यूबलाइटखाली गाडी आरसा वाटते आणि घरी आणून उन्हात लावली की सगळं उघडं पडतं, ते यामुळेच.

डीए म्हणजे ड्युअल ॲक्शन. यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी झोकांड्याही खातं, भोवरा पडायला आला की खातो तशा. गंमत अशी की स्वतःभोवतीचं फिरणं मोटरला जोडलेलंच नसतं. पॅड बेअरिंगवर मोकळं असतं आणि झोकांड्यांच्या जोरावर आपोआप फिरतं. तुम्ही जास्त दाबलंत किंवा पॅड तिरकं होऊन एखाद्या कडेवर चढलं की ते फिरणं थांबतं, मशीन नुसतं थरथरत राहतं. नवख्याला वाटतं मशीनमध्ये दम नाही. खरं तर त्या थांबण्यानेच तुमची गाडी वाचलेली असते.

मी हे कसं शिकलो ते सांगतो. मेव्हण्याची काळी सेडान होती. ताईने आतून चहा आणून ठेवला होता आणि मी मित्राकडून आणलेलं रोटरी बॉनेटवर फिरवत होतो. सपाट भाग छान निघाला, तसा जीव चढला. बॉनेटची पुढची धार, जिथे पत्रा वळतो, तिथे पॅड आलं आणि दोन सेकंद, फार तर तीन, तिथेच राहिलं. करपल्याचा वास आधी आला. पुसून पाहिलं तर बोटभर लांबीचा राखाडी पट्टा. धारेवर लॅकर मुळात पातळ असतं हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मेव्हणा एक शब्द बोलला नाही. "चहा घे," म्हणाला. बॉनेट पुन्हा रंगवायचे पैसे मी भरले आणि पुढच्याच महिन्यात डीए घेतलं.

मग रोटरी कुणी घ्यावं?

ज्यांना रोज काम आहे त्यांनी. पेंटरला रंगाचे ओघळ, लॅकरमध्ये बसलेली धूळ, 1500 किंवा 2000 नंबरच्या वॉटर पेपरच्या खुणा काढायच्या असतात, तिथे रोटरीला तोड नाही. घरची एक-दोन गाड्यांची निगा राखणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिकायचंच असेल तर भंगारवाल्याकडून एखादं जुनं बॉनेट आणा आणि त्यावर हात बसवा. आधी ते मुद्दाम करपवून बघा, म्हणजे किती कमी वेळात करपतं ते कळेल.

फोर्स्ड रोटेशन म्हणून एक प्रकार दिसतो, तो काय?

झोकांड्या डीएसारख्या, पण फिरणं गिअरला जोडलेलं, त्यामुळे दाबलं तरी थांबत नाही. जर्मनीच्या फ्लेक्स कंपनीचं 8 मिमीचं मशीन या जातीतलं प्रसिद्ध. कडक लॅकरवर आणि बाकदार पत्र्यावर ते उत्तम चालतं, मात्र हाताला हिसके बसतात आणि साध्या डीएएवढं ते माफ करत नाही. दुसरं मशीन म्हणून घ्या, पहिलं म्हणून नको.

8, 15, 21 हे आकडे कसले?

झोकांडी किती मोठी, त्याचं ते माप, मिलिमीटरमध्ये. 8 मिमीचं मशीन आटोपशीर असतं, लहान पॅडवर ते चांगलं चालतं, पण काम सावकाश होतं. 21 मिमीचं मशीन सपाट बॉनेटवर, मोठ्या एसयूव्हीच्या छतावर लोण्यासारखं जातं. इटलीच्या रूपेस कंपनीने मोठ्या झोकांडीची मशीनं आणली आणि मग सगळ्यांनीच त्यांचा कित्ता गिरवला. पण बाक आला की 21 चं पॅड फिरायचं थांबतं, आणि आपल्याकडच्या छोट्या हॅचबॅकवर सपाट जागा असते तरी किती?

एकच मशीन घ्यायचं असेल तर 15 मिमी घ्या, पाच इंची प्लेट (पॅड चिकटवायची तबकडी) लावलेलं. दहापैकी नऊ जणांना मी हेच सांगतो. दहावा सहसा सगळं ठरवून आलेला असतो, त्याला फक्त दुजोरा हवा असतो.

घरात ग्राइंडर आहे. त्याला पॅड लावून काम भागेल का?

नाही. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेतो. हिशेब केला तर पॅडची कड ताशी 200 किलोमीटरच्या वेगाने रंगावर घासते. रोटरीवर सहा इंची पॅड 1200 फेऱ्यांवर फिरवलं तर तोच वेग ताशी 35 किलोमीटरच्या जवळपास येतो. शिवाय बहुतेक पॅडही त्या वेगासाठी बनलेलं नसतं, फाटून तोंडावर येऊ शकतं. स्पीड कमी करायचं रेग्युलेटर लावून जुगाड करणारे आहेत, पण वेग उतरला की ग्राइंडरची ताकदही उतरते, आणि मग ना धड ग्राइंडर ना धड पॉलिशर.

ड्रिलला तीन इंची पॅड लावून पिवळ्या पडलेल्या हेडलाइट साफ करायला हरकत नाही. तेवढंच.

दोन मुठींचा, कापडी टोपी घालायचा मोठा बफर स्वस्तात मिळतो. तो कसा?

नऊ-दहा इंची, फुग्यासारखा गोल, वर टेरीकापडाची टोपी. तो वॅक्स पसरायला आणि पुसायला केलेला आहे. त्याने गाडी चमकेल, ओरखडे जाणार नाहीत. जाहिरातीत 'स्क्रॅच रिमूव्हर' लिहिलेलं असलं तरीही.

खोक्यावरचे कोणते आकडे बघायचे? वॅट जास्त म्हणजे चांगलं ना?

तेवढ्यावर जाऊ नका. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं. पॅडपर्यंत किती पोचतं ते त्यातून कळत नाही. 700 ते 1000 वॅटचं नीट बनवलेलं डीए घरच्या कामाला पुरून उरतं, आणि 1600 वॅट छापलेलं भडक स्टिकरचं मशीन हात टेकला की आवाज बदलतं, हेही मी पाहिलंय.

मी दुकानात बघतो ते असं. वेगाचं चाक फिरवल्यावर वेग खरंच टप्प्याटप्प्याने बदलतो का. ट्रिगर दाबताच मशीन उसळतं की सावकाश वेग घेतं. सावकाश घेणारं हवं. चालू करून दोन मिनिटं हातात धरायचं आणि बंद केल्यावर तळहाताकडे लक्ष द्यायचं: मुंग्या येत असतील तर अख्ख्या गाडीला चार-सहा तास लागतात हे आठवायचं. वजन बहुतेकांचं अडीच-तीन किलोच्या आसपास असतं, पण ते पुढे झुकलेलं आहे की मधोमध, हे हातात घेतल्याशिवाय समजत नाही. म्हणून ऑनलाइन घेणार असाल तरी एकदा कुणाचं तरी मशीन हाताळून या.

आणि शेवटचा प्रश्न दुकानदाराला: कार्बन मिळतात का? मोटरचे कार्बन ब्रश झिजतातच. बॉश, मकिता, डिवॉल्टसारख्यांचे कार्बन हार्डवेअरच्या बाजारात मिळून जातात. नावगाव नसलेल्या मशीनचे कार्बन शोधत फिरावं लागतं, किंवा दुसऱ्याचे कानशीने घासून बसवावे लागतात.

साधारण किती पैसे धरू?

साध्या रोटऱ्या दोन-तीन हजारांपासून सुरू होतात. बऱ्यापैकी डीए आठ-दहा हजारांच्या पुढे, आणि नावाजलेली युरोपियन मशीनं तीस हजारांच्या वर जातात. भाव बदलत राहतात, त्यामुळे याकडे अंदाज म्हणूनच बघा. लोक एक गोष्ट विसरतात: पॅड, कंपाउंड (पॅडवर घ्यायची घासायची पेस्ट), मायक्रोफायबर कापडं, मास्किंग टेप, चांगली टॉर्च यांत मशीनच्या निम्मे तरी पैसे जातात. सगळं बजेट मशीनवर घालवून एकाच पॅडवर गाडी घासू नका. थोडं स्वस्त मशीन आणि सहा-आठ चांगली पॅडं हा संसार जास्त सुखाचा.

वर्षातून एकदाच वापरायचं असेल तर दोघा-तिघा मित्रांनी मिळून घ्या. आमच्या गल्लीत तसं एक आहे. भांडण फक्त दसऱ्याच्या आदल्या दिवशी होतं.

प्लेट आणि पॅडचं माप कसं ठरवायचं?

मशीनला लागते ती प्लेट, प्लेटला वेल्क्रोने चिकटतं ते पॅड. पॅड प्लेटपेक्षा थोडं मोठं हवं, म्हणजे प्लेटची कडक कड चुकून रंगाला लागत नाही. पाच इंची प्लेटला साडेपाच इंची पॅड नेमकं बसतं.

डीएला वाट्टेल ती प्लेट लावू नका. झोकांड्यांचा तोल सांभाळायला आत एक वजन बसवलेलं असतं आणि ते मूळ प्लेटच्या हिशेबाने घडवलेलं असतं. सहा इंचीच्या जागी तीन इंची लावलीत तर तोल बिघडतो आणि थरथर वाढते. आटेही बघून घ्या. आपल्याकडच्या रोटरीला 14 मिमीचे असतात, डीएत काहींना 8 मिमी, काहींना 5/16 इंच.

फोम, लोकर, मायक्रोफायबर: कुठलं पॅड?

सुरुवातीला फोम. मध्यम कडक तीन-चार, मऊ दोन. कापायला लोकर आणि मायक्रोफायबर दोन्ही जोरदार, पण त्यांच्यामागे पुसट धूसरपणा राहतो आणि तो काढायला पुन्हा फोम फिरवावाच लागतो. एकाच पॅडवर अख्खी गाडी उरकू नका. एक पॅड दोन पत्र्यांपर्यंत ठीक, पुढे ते कंपाउंडने आणि निघालेल्या लॅकरने चिकट होतं, तापतं आणि मधून फाटतं.

रंगांवर जाऊ नका. एका कंपनीचं पिवळं पॅड सगळ्यात मऊपैकी असतं, दुसरीचं पिवळं कापायचं. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा आणि बोटाने दाबून बघा.

कंपाउंड कोणतं? दुकानदार चार बाटल्या देतो.

दोन पुरतात: एक कापायचं, एक शेवटचा हात फिरवायचं. आणि सुरुवात नेहमी हलक्यापासून. मऊ पॅड आणि हलकं पॉलिश एका कोपऱ्यात फिरवा, पुसून टॉर्चने बघा. काम झालं? मग जड कंपाउंडची बाटली उघडायचीच कशाला? नाही झालं तर आधी पॅड बदला, मग कंपाउंड.

काही स्वस्त कंपाउंडांत तेल आणि मेण भरपूर असतं, ते चऱ्यात बसतं आणि चरे गेल्यासारखे वाटतात. दोन धुण्यांनंतर सगळे हजर. खरं काय ते बघायचं असेल तर पाणी घातलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुसा आणि मग टॉर्च मारा.

कॉर्डलेस घेऊ का?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग नसेल तर मोह होतो खरा. पण पॉलिशिंगला मोटर सलग मिनिटंच्या मिनिटं ओढत असते. बॅटऱ्या भराभर उतरतात. अख्ख्या गाडीला चार बॅटऱ्या आणि शेजारी तापलेला चार्जर हवा. त्यापेक्षा एक्स्टेन्शन बरं, फक्त वायर 1.5 चौरस मिमीची घ्या आणि रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. नुकतीच गाडी धुतल्याने फरशी ओली असते, तेव्हा लाइन आरसीसीबीवर (शॉक बसू लागताच वीज तोडणारा स्विच) आहे ना तेही पाहा. कॉर्डलेस मी आरशाच्या मागे, काचांमधल्या खांबांवर, बाइकवर वापरतो, तीन इंची.

अमेरिकेतला भाऊ येताना घेऊन येतोय. चालेल?

तिकडचा पुरवठा 120 व्होल्टचा, आपला 230. सरळ लावलंत तर धूर. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण 1000 वॅटच्या मशीनला 1500 ते 2000 व्हीएचा लागेल, आणि तो हलवायलाच एक माणूस हवा. वर तिकडच्या रोटरीचे आटे 5/8 इंचाचे, म्हणजे इथल्या प्लेटी बसत नाहीत. भावाला म्हणावं पॅड आण, मायक्रोफायबर आण, मशीन राहू दे. दुबई किंवा लंडनहून येत असेल तर व्होल्टेज जुळतं, फक्त पिन बदलायची.

बुलेटच्या टाकीला हेच मशीन चालेल?

पाच इंची पॅड टाकीवर सगळीकडून अधांतरी राहतं. दोन किंवा तीन इंची प्लेटचं छोटं डीए हवं. टाकीवर हाताने ओढलेले पट्टे असतील तर त्यावरून नख हलकेच फिरवा. पट्टा उंच लागला तर तो लॅकरच्या वर आहे आणि मशीनखाली पुसला जाईल. मॅट रंगाच्या बाइकला तर कसलंच पॉलिश लावू नका. मॅट म्हणजे मुद्दाम ठेवलेला खडबडीतपणा. तो घासला की तिथे चकाकता डाग पडतो आणि तो कायमचा.

पॅड लाल झालं! रंग निघतोय का?

जुनी गाडी असेल तर घाबरू नका. ॲम्बॅसेडर, पद्मिनी अशा जुन्या गाड्यांवर बऱ्याचदा वेगळं लॅकर नसायचं, रंगच वरचा थर. त्यामुळे पॅडला रंग लागणारच. पण नव्या गाडीवर पॅडला रंग दिसला तर तिथल्या तिथे मशीन बंद करा: एक तर लॅकर संपलंय, नाहीतर तो पत्रा आधी कुठेतरी रंगवलेला आहे.

जाडी मोजायचं मीटर मिळालं तर उत्तम. मूळ रंगाच्या गाडीवर 100-150 दिसतं, पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर 200 च्या वर, आणि खाली लांबी भरलेली असेल तर आकडा कुठल्या कुठे जातो. साधं मीटर फक्त धातूवर चालतं, प्लास्टिकच्या बंपरवर नाही. आणि ते सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, एकट्या लॅकरची नाही.

कुठले डाग-ओरखडे जातील आणि कुठले नाहीत?

नख अडकलं तर सोडून द्या, तो खोल आहे. कडा थोड्या मऊ करून तो कमी दिसेल एवढंच बघायचं. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके वरवरचे असतील तर जातात, लॅकरमध्ये खाल्लेले असतील तर नाही. पक्ष्यांच्या विष्ठेचंही तेच. छतावर पांढरे पापुद्रे सुटत असतील तर ते लॅकर मेलंय, मशीन लावलंत तर आणखी उडेल. तिथे पेंटरच हवा.

पहिल्यांदा मशीन फिरवताना काय करू?

गाडी धुवा, मग क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी) फिरवा. हात फिरवल्यावर खरखर लागत असेल आणि ती न काढता तुम्ही पॉलिश करत असाल, तर तीच खरखर पॅडखाली घासली जाणार. रबरी पट्ट्या, काळं प्लास्टिक, लोगो आणि पत्र्याच्या धारा यांवर टेप लावा. गाडी सावलीत, पत्रा हाताला गार. एप्रिलमध्ये जळगाव-नागपूरकडे सकाळी नऊनंतर हे काम होत नाही, कंपाउंड लावता लावता वाळतं.

प्लेटच्या बाजूला मार्करने एक जाड काळी रेघ मारा. डीए चालू असताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. एका जागी थरथरताना दिसली तर पॅड फिरत नाहीये, तुम्ही दाबताय किंवा तिरकं धरलंय. माझ्या मते सगळ्या अवजारांत हे सगळ्यात कामाचं, आणि फुकट.

पॅडवर हरभऱ्याएवढे चार थेंब. मशीन बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवा आणि मग चालू करा. हवेत चालू केलंत तर कंपाउंड भिंतीवर, शर्टवर आणि शेजारच्या गाडीवर. दोन फूट बाय दोन फूट जागा घ्या. आधी मंद वेगावर पसरवा, मग चार-पाचवर नेऊन सावकाश आडव्या आणि मग उभ्या रेघांनी फिरवा, प्रत्येक रेघ आधीच्या रेघेवर अर्धी चढवून. सेकंदाला इंचभर, त्याहून भरभर नाही. घाई इथेच होते. चार ते सहा फेऱ्या झाल्या की कंपाउंड पातळ, पारदर्शक दिसायला लागतं, तेव्हा थांबा. वायर खांद्यावरून पाठीमागे टाका, नाहीतर ती पत्र्यावर घासून नवे चरे काढते. डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क.

शोरूमवाला 'टेफ्लॉन कोटिंग' करून देतो म्हणतो. ते हेच का?

बऱ्याचदा त्यात मशीनने हलकं घासणं आणि वर एक सीलंटचा थर, एवढंच असतं. वाईट नाही. पण नवी कोरी गाडी दर सहा महिन्यांनी घासायला द्यायची काही गरज नाही. विचारा, "घासणार की नुसतं लावणार?" उत्तर गोलमोल आलं तर ऑफर नाकारा.

एकदा पॉलिश केलं की किती दिवस टिकतं?

ते मशीनवर नाही, फडक्यावर ठरतं. सोसायटीत पहाटे येऊन गाड्या पुसणारे दादा एकाच बादलीत, एकाच फडक्याने बारा गाड्या पुसतात. अकरा गाड्यांची माती तुमच्या बॉनेटवर. कोरड्या धुळीवर फिरवलेलं कुठलंही फडकं म्हणजे बारीक पॉलिश पेपरच. मी आमच्या दादांना दोन मायक्रोफायबर आणून दिली आणि सांगितलं, आधी पाणी ओता, मग पुसा. वेळ नसेल त्या दिवशी धूळ तशीच राहू द्या, पैसे पूर्ण देईन. त्यांना हे पहिल्यांदा वेडेपणाचं वाटलं. तीन वर्षांत त्या गाडीला मी फक्त एकदाच हलकं पॉलिश केलंय.

दसऱ्याला बॉनेटवर ओलं कुंकू आणि स्वस्तिक काढाल, ते दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका, पांढऱ्या गाडीवर गुलाबी छटा राहते. झेंडूचा हार सेलोटेपने चिकटवण्यापेक्षा बांधा.

पॅड आणि मशीन कसं ठेवायचं?

पॅड प्रत्येक पत्र्यानंतर मऊ ब्रशने झटका, काम संपलं की लगेच कोमट पाण्यात साबणाने धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा. मग मशीनला लावून बादलीत धरून चालवा, उरलेलं पाणी निघून जातं. सावलीत वाळवा. मशीन पॅडवर उभं करून ठेवू नका, फोम दबून वाकडा होतो. आणि सुकलेली पॅडं झाकणाच्या डब्यात ठेवा. शेडमध्ये जमिनीवर पडलेलं पॅड, कितीही महागाचं असो, मी पुन्हा रंगाला लावत नाही. ते चाकांच्या डब्यात जातं.